शहाण्णव ‘जर’ आणि एक ‘मले’

तरुणपणी मी एक प्रोग्राम लिहिला होता आणि तो माझ्याशिवाय कोणालाही वाचता येत नसे. ही गोष्ट मी गेली चाळीस वर्षं अभिमानानं सांगत आले. लग्नकार्यात सांगितली, महिला मंडळात सांगितली, एकदा तर दातांच्या डॉक्टरला, तोंडात कापूस असताना सांगितली. त्या गोष्टीत काहीतरी चुकतं आहे, हे गेल्या उन्हाळ्यात माझ्या नातीनं मला दाखवून दिलं. तेही हॉलमधल्या फरशीवर, चिंचोके मांडून.

प्रोग्राम होता नंबर लावायचा. शहरात, धंतोली भागातल्या एका खासगी दवाखान्यात मी नोकरीला होते. दवाखाना बरा चालायचा, म्हणजे पेशंटांचे हाल व्हायचे. सकाळी दार उघडायच्या आधीच पायऱ्यांवर माणसं बसलेली असत. कोणाला उपाशीपोटी रक्त द्यायचं असे, कोणाचे टाके काढायचे असत, कोणाला खाप्याची नाहीतर मौद्याची एसटी गाठायची असे. आत कोण आधी जाणार हे कंपाउंडर चिठ्ठ्यांवर ठरवायचा आणि रोज शिव्या खायचा. मग मोठ्या डॉक्टरांनी कॉम्प्युटर घेतला. मी गणिताची पदवीधर, त्यात तीन महिन्यांचा कोर्स केलेला. सगळ्या शिव्या कॉम्प्युटरला बसाव्यात म्हणून त्यांनी मला कामावर ठेवलं.

कॉम्प्युटरची खोली थंड होती. बाहेर चपला काढून आत जावं लागे. मोठे डॉक्टरसुद्धा दारात बूट काढून मोज्यांवर आत यायचे आणि माझ्यासमोर उभे राहायचे. ऑपरेशन थिएटरात त्यांना घाबरणारी माणसं मी पाहिली होती. इथं मात्र ते मला हळू आवाजात विचारायचे, ‘‘हे असं का दाखवतंय?’’ मी लगेच उत्तर देत नसे. चष्मा वर करायची, ओठ आवळायची, दोन-तीन बटणं उगाच दाबायची. उत्तर माहीत असलं तरीही.

मोठे डॉक्टर गेले, त्यांच्या सूनबाई दवाखाना पाहू लागल्या. मशीन तीनदा बदललं, पण नंबर लावायचा प्रोग्राम तोच राहिला, कारण त्याला हात लावायची कोणाची छाती होत नव्हती. डॉक्टरीणबाई मला काकू म्हणतात. गेल्या उन्हाळ्यात त्यांचा फोन आला. प्रोग्राम जुन्या मशीनवर कसाबसा चालतो, नव्यावर चालेना, बाहेरचं एक तयार पॅकेज मिळतंय, पण त्यात आपल्याकडच्या खेड्यापाड्यांतल्या पेशंटांच्या सोयी नाहीत. तुम्ही काही करू शकाल का? मी काही करू शकणार नव्हते. मला हल्ली मोबाइलचा आवाज कमी करता येत नाही. पण माझ्या तोंडातून निघून गेलं की माझी नात करेल.

नात पुण्याची. लेक तिकडंच स्थायिक झाला, तिचा जन्म, शिक्षण सगळं तिकडचं. वर्षभर एका कंपनीत काम करून ती कंटाळली होती, स्वतःचं काही करावं म्हणून चार महिने माझ्याकडे येऊन राहिली होती, आणि अजून एकही काम तिला मिळालं नव्हतं. तिचे वडील दर रविवारी फोनवर तिला जुनी कंपनी परत घेईल का, असं विचारायचे. तेव्हा हे तिचं पहिलं काम. डॉक्टरीणबाईंची अट सरळ होती. पुढच्या शनिवारपर्यंत नवा प्रोग्राम असा हवा, की तो त्यांना स्वतःला वाचता आला पाहिजे. कोणाचा नंबर का लागला हे त्यांना कळलं पाहिजे. नाहीतर पॅकेज.

‘‘सोपं आहे,’’ मी नातीला म्हटलं. ‘‘माझा प्रोग्राम पाहा आणि नव्या भाषेत उतरव.’’

आमच्या पलंगाखाली एक सुटकेस आहे, तिच्यात तो प्रोग्राम मी जपून ठेवला होता. दोन्ही कडांना भोकं असलेला, घडी-घडीचा लांबच लांब कागद. माझ्या लग्नाचा शालू धुवायला दिला तेव्हा हरवला, पण हा कागद मी हरवू दिला नाही. नातीनं तो हॉलभर उलगडला. कूलरच्या वाऱ्यानं उडू नये म्हणून चारी बाजूंनी वरवंटा, डबे, माझं रक्तदाबाचं मशीन असं काय काय ठेवलं. मग ती गुडघ्यांवर रांगत वाचायला लागली. मी वर सोफ्यावर बसून कौतुकाची वाट पाहत होते.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, ‘‘आजी, हे उजवीकडे कुठं चाललंय?’’

झालं होतं असं. प्रोग्राममध्ये ‘जर’ लिहिला की त्याच्या पोटातल्या ओळी थोड्या उजवीकडे सरकवून लिहायची पद्धत आहे. त्या पोटात आणखी एक ‘जर’ आला की आणखी उजवीकडे. माझ्या ‘जर’च्या पोटात ‘जर’, त्याच्या पोटात ‘जर’, असं करत करत मजकूर कागदाच्या उजव्या कडेला जाऊन धडकला होता. पुढच्या ओळींची शेपटं छापायला जागाच उरली नव्हती. ‘जर पेशंट बाहेरगावचा, आणि जर उपाशी, आणि जर रिपोर्ट आणलेला, आणि जर बुधवार नसेल, आणि जर...’ पुढं काय ते भोकांमध्ये गेलं होतं.

मग तिनं मला मोजणीची पद्धत सांगितली. प्रोग्राम किती गुंत्याचा आहे हे मोजता येतं, त्याला ते लोक कॉम्प्लेक्सिटी म्हणतात. पद्धत इतकी साधी की मला आधी ती थट्टाच वाटली. जिथं जिथं ‘जर’ असेल तिथं वाटेला फाटा फुटतो. फाटे मोजायचे आणि शेवटी एक मिळवायचा. तो एक कशाला, मी विचारलं. ती म्हणाली, फाटा नसला तरी एक सरळ रस्ता असतोच ना. हे मला पटलं. तिच्या हिशोबानं एका तुकड्यात दहाच्या आत असलेलं बरं, त्याच्या वर गेलं की वाचणाऱ्याचं डोकं दमायला लागतं. त्यातही पोटातला ‘जर’ जास्त जड, कारण तो वाचताना बाहेरचे सगळे ‘जर’ डोक्यात धरून ठेवावे लागतात. स्वयंपाकघरातून एका हातात चहा, दुसऱ्या हातात फरसाणाची वाटी, काखेत पेपर आणि दातांत पिशवी असं कोणी बाहेर येतं ना, तसं.

तिच्या लॅपटॉपवर आपोआप मोजायची सोय होती, पण ती सोय माझ्या काळची भाषा ओळखत नव्हती. मग मी कपाटातून चिंचोक्यांचा डबा काढला आणि आम्ही दोघी कागदावर बसलो. दर ‘जर’वर एक चिंचोका. सगळ्यात मोठ्या तुकड्याच्या अर्ध्यातच डबा संपला. पुढं शेंगदाणे घेतले. शेवटी तिनं मोजलं आणि म्हणाली, त्र्याण्णव. मग माझ्या गालाकडे पाहिलं.

‘‘किती खाल्लेस?’’

‘‘तीन.’’

‘‘आजी, कॉम्प्लेक्सिटी अशी कमी करायची नसते.’’

म्हणजे शहाण्णव ‘जर’, अधिक एक. हवे होते दहाच्या आत. माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? माझ्याबरोबर तो कोर्स केलेल्या कोणाचेही इतके नसतील. सत्तरी गाठलेल्या बाईला असा विचार यावा! नातीनं माझ्या चेहऱ्यावरून तो ओळखला असावा, कारण ती हसली नाही, तिनं नुसती मान हलवली.

खरं म्हणजे तेव्हा मला गुंता आवडायचा. नियम सरळ सांगता येत असला तरी मी तो वाकवून लिहायची. कोणी मागून पाहायला आलं की मला स्क्रीनवर दाट जंगल दिसलेलं हवं असायचं. एकदा माझ्या धाकट्या भावाचं लग्न होतं, खाप्याला. हळद लागत होती, माझ्याही गालाला कोणीतरी हळद फासलेली, आणि दारात दवाखान्याची जीप येऊन थांबली. कंपाउंडर उतरला. नंबर लागेनात, पेशंट ओरडू लागले, कोणतं बटण दाबू एवढं विचारायला तो कन्हान नदीच्या काठापर्यंत आला होता. मी हळदीच्या तोंडानं, पदर खोचून, सगळ्या वऱ्हाडासमोर त्याला बटण सांगितलं. भावाच्या लग्नात नवरदेवापेक्षा माझा भाव जास्त होता. वहिनीच्या माहेरचे लोक मला बरीच वर्षं ‘बटणवाल्या ताई’ म्हणायचे.

घरी आल्यावर ह्यांनी एकच विचारलं, की तुझ्यावाचून चालत नाही, म्हणजे तू हुशार की प्रोग्राम वाईट? मी चार दिवस बोलले नव्हते. हे आज असते तर मी त्यांना चिंचोके दाखवले असते.

असो. नातीनं काम सुरू केलं. पहिल्यांदा तिनं उलटा विचार केला. मी सगळ्या अटी पुऱ्या करणाऱ्या माणसाला शोधत शोधत आत आत जायची. ती म्हणाली, ज्यांचं काम आत्ता होणारच नाही त्यांना दारातच सांगून टाकायचं. रिपोर्ट आणला नाही? बाजूला बसा. बुधवारी नवा पेशंट? उद्या या. असे पाच-सहा जण दारात निघाले की आतली वाट मोकळी. पहिली ओळ कोणती असावी यावर आमची चर्चा झाली आणि ‘रिपोर्ट नसेल तर बाजूला’ हीच पहिली असावी असा आग्रह मीच धरला. माझ्या काळी रिपोर्ट न आणणाऱ्या पेशंटांचा मला फार राग येत असे.

मग गावांचं. मी दर गावासाठी वेगळा ‘जर’ लिहिला होता. जर खापा, जर मौदा, जर अमुक, जर तमुक. तिनं त्या सगळ्यांचा एक तक्ता केला, गाव आणि त्यापुढे परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ. गाडीची वेळ बदलली तर तक्त्यात बदलायची, प्रोग्रामला हात लावायचा नाही. तीस चिंचोके एकदम डब्यात परत गेले. इतकं सोपं असेल तर मी काय केलं होतं मग?

एक ‘जर’ मात्र तिला कळेना. मौद्याचा पेशंट असेल आणि मंगळवार असेल, तर त्याला सगळ्यांच्या आधी सोडायचं. तिनं इंटरनेटवर मौद्याचा बाजार, मौद्याच्या गाड्या, काय काय पाहिलं. मला रात्रभर आठवलं नाही आणि सकाळी दात घासताना आठवलं. कंपाउंडरची सासू. ती मौद्याहून दर मंगळवारी पायाच्या पट्टीसाठी यायची, आणि तिला थांबावं लागलं की कंपाउंडरला घरी जेवायला मिळत नसे. त्यानं माझ्याकडे गयावया केली आणि मी एक ‘जर’ घातला. सासू केव्हाच वारली, कंपाउंडरही निवृत्त झाला. पण तीसेक वर्षं मंगळवारी मौद्याहून आलेल्या प्रत्येक माणसाला त्या सासूच्या पुण्याईनं पहिला नंबर मिळत होता. नातीनं तो ‘जर’ काढला. काढताना आम्ही दोघींनी कंपाउंडरच्या सासूला हात जोडले.

शेवटी एक खूण राहिली. इंग्रजी चार अक्षरं, एम, ए, एल, ई. पेशंटचं नाव टाकलं की जुन्या स्क्रीनवर प्रश्न यायचा, मेल? हो की नाही. आणि ‘हो’ असेल तर त्याचा नंबर लागत नसे, तो ‘थांबा’च्या यादीत जायचा. नातीला दोन गोष्टी विचित्र वाटल्या. एक तर पुरुषांना का थांबवायचं? आणि दुसरं, जुन्या नोंदींत जवळजवळ सगळ्यांपुढं ‘नाही’ होतं, धडधडीत पुरुषांपुढंसुद्धा.

तिनं मला विचारलं. मला काहीही आठवत नव्हतं. पण ‘आठवत नाही’ असं म्हणायची मला सवय नाही. मी सोफ्यावर टेकून, चष्मा वर करून, ओठ आवळून सांगितलं की मोठे डॉक्टर जुन्या वळणाचे, बायकांना आधी सोडावं, पुरुषांनी थांबावं, असं त्यांचं तत्त्व होतं. आणि नोंदींचं म्हणशील, तर काउंटरवरची माणसं आळशी, न वाचता ‘नाही’ दाबून मोकळी होतात. बोलता बोलता माझं मलाच इतकं पटलं, की मोठे डॉक्टर हे तत्त्व सांगताना मला डोळ्यांसमोर दिसायला लागले. नातीनं ते लिहून घेतलं. जुन्या नोंदी तिनं नावं पाहून दुरुस्त केल्या, सगळ्या पुरुषांपुढं ‘हो’ केलं. आम्ही एकमेकींच्या हुशारीला टाळी दिली.

गुरुवारी सकाळी एक तास नवा प्रोग्राम चालवून पाहायचं ठरलं होतं. मी नातीबरोबर गेले, माझी इस्त्रीची साडी नेसून. काउंटरवर एक बाई बसते, चाळिशी ओलांडलेली, मौद्याकडची, बारा वर्षं तिथंच. ती आम्हाला बघून थोडी सरकून बसली. तिला आम्ही काहीच विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हे सुचलंच नव्हतं.

पहिल्या दहा मिनिटांत सगळं छान चाललं. बायका भराभर आत जात होत्या. मग माझ्या लक्षात आलं की बाकांवर नुसते पुरुष उरले आहेत. पडद्यावर एकेकाचं नाव येई आणि पुढं ‘थांबा’. हात गळ्यात बांधलेला थांबला, टाके काढायचे तो थांबला, उपाशी आला होता तो तर उठून उभाच राहिला. एक म्हातारे गृहस्थ बायकोला सोबत म्हणून घेऊन आले होते, नावं दोघांचीही टाकली गेली, तर त्यांच्या बायकोचाच नंबर लागला. ती म्हणे मला काही झालेलं नाही. कुजबूज वाढली. डॉक्टरीणबाई केबिनच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, बाकांकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, आणि जुनंच चालू करा म्हणून सांगितलं. मग नातीला म्हणाल्या, शनिवारी बघू. ‘बघू’ त्या कशा म्हणाल्या ते आम्हाला दोघींनाही ऐकू आलं.

नात खालच्या मानेनं लॅपटॉप मिटत होती. मी बाजूला बसून माझ्या साडीच्या इस्त्रीकडे पाहत होते. तेव्हा काउंटरवरच्या बाईनं स्क्रीन आमच्याकडे वळवली. त्या चार अक्षरांवर बोट ठेवलं.

‘‘हे काय करून राहिल्या तुम्ही? बाप्यांचं काय आहे याच्यात?’’

नात म्हणाली, ‘‘मेल म्हणजे पुरुष ना, ताई.’’

‘‘मेल?’’ बाई माझ्याकडे वळली. ‘‘अवो आजी, मेल नाही ते. मले. मले आहे ते.’’

मी अक्षरांकडे पाहिलं. म, ले. मले.

‘‘पहिल्या दिवसापासून ते मले विचारून राहिलं,’’ ती म्हणाली. ‘‘दर पेशंटले ते म्हणते, मले? एखाद्याचं काही समजत नाही, तर मी म्हणते हो. मंग ते त्याले थांबवते आन् मी उठून जाऊन त्याले पाहाते. बाकीच्यांले काहून थांबवू?’’

मी लिहिलेला शब्द होता. माझा. मी शेवटी कोणत्याही ‘जर’मध्ये न बसणाऱ्या पेशंटसाठी एक खूण ठेवली होती. ती खूण म्हणजे, मले विचारा. मले विचारल्याशिवाय याचा नंबर लावू नका. नियम करता आला नाही तिथं मी स्वतःलाच प्रोग्राममध्ये बसवून घेतलं होतं. म्हणूनच तर जीप खाप्याला आली होती. त्या दिवशी हळदीत मी जे बटण सांगितलं, ते याच प्रश्नाचं उत्तर होतं.

आणि मला ते वाचता आलं नाही. मी ते इंग्रजी म्हणून वाचलं, आणि वर मोठ्या डॉक्टरांच्या नावावर एक तत्त्वही खपवलं.

आता पुढचं सांगायला थोडी लाज वाटते. नोकरी लागल्यावर मी घरातून ‘मले’ हद्दपार केलं होतं. लेक लहान असताना ‘मले दे’ म्हणाला की मी हात मागं घ्यायची आणि म्हणायची, ‘मला’ म्हण, मग मिळेल. ‘काहून’ला ‘का’, ‘तुले’ला ‘तुला’. सासूबाई म्हणायच्या, पोराले भूक लागली आहे वं, त्याचं व्याकरण काहून पाहून राहिली. मी ऐकलं नाही. लेक शुद्ध बोलायला लागला आणि पुण्याला गेला. नात तर शुद्धच जन्मली. पण त्या थंड खोलीत, चपला बाहेर काढून, जिथं मी काय लिहिते ते कोणाला कळत नव्हतं, तिथं मी माझ्या भाषेत लिहीत होते. कागद पुन्हा पाहिला तर तिथं इंग्रजी अक्षरांत ‘त्याले’ होतं, ‘मंग’ होतं, एका पेशंटच्या यादीला ‘पाव्हणे’ असं नाव होतं, ते डॉक्टरांचे नातेवाईक. घरात पोराला उपाशी ठेवणारी बाई मशीनशी असं बोलत होती.

घरी येताना रिक्षात मी नातीला सांगितलं की डॉक्टरांचं तत्त्व मी मनानं रचलं होतं. मला वाटलं ती चिडेल. तिनं मांडीवरचा लॅपटॉप बाजूला ठेवला. मग म्हणाली, ‘‘आजी, तुला माहीत नसलं तर माहीत नाही म्हण. तेवढं एक शिक.’’

मी म्हटलं, ‘‘प्रयत्न करते. जमेल की नाही माहीत नाही.’’

‘‘हे बरोबर म्हणालीस,’’ ती म्हणाली.

कागदात आणखी एक गोष्ट सापडली. ‘मले’च्या शेजारी एक रकाना होता, त्याचं नाव ‘काहून’. पेशंटला का थांबवलं ते तिथं लिहायचं, अशी माझी योजना असावी. नातीनं जुन्या सगळ्या नोंदी चाळल्या. तो रकाना पहिल्या दिवसापासून रिकामा होता. कारण लिहून ठेवलं तर मग मला विचारायला कोण येणार?

शुक्रवारी नात दवाखान्यात जाऊन काउंटरवरच्या बाईशेजारी स्टुलावर बसली. मला तिनं नेलं नाही. बाई जेव्हा जेव्हा ‘मले’ला हो म्हणायची, तेव्हा नात विचारायची, काहून? पहिल्यांदा ती हा शब्द चाचरत बोलली म्हणे, आणि बाईनं तिला दोनदा म्हणायला लावला. दुपारपर्यंत कळलं की बहुतेक कारणं तीच ती आहेत. एकटी आलेली म्हातारी, जिला नाव पुकारलेलं ऐकू येत नाही. तापलेलं लेकरू. उभं राहवत नाही असा माणूस. चुकून दुसऱ्याच डॉक्टरकडे नंबर लावलेला. या चारांचे नातीनं चार छोटे, सरळ नियम केले, प्रत्येकाला वाचून कळेल असं नाव दिलं आणि त्यापुढं कारण लिहिलं. मग बाईला विचारलं, आता ‘मले’ काढून टाकू?

बाईनं नको म्हटलं. कधी कधी काही कारण सांगता येत नाही, म्हणाली, नुसतं तोंड पाहून समजते. हे नातीनं मला घरी येऊन सांगितलं आणि विचारलं, अशाचा नियम कसा करायचा? मी चष्मा वर केला, आणि खाली केला. म्हटलं, मला माहीत नाही. मग तिनं एक ‘मले’ तसाच ठेवला. अट एवढीच, की तो दाबला तर ‘काहून’ भरल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. ‘तोंड पाहून’ एवढं लिहिलं तरी चालेल.

सगळ्यात मोठ्या तुकड्यात आता सात आले. आम्ही पुन्हा चिंचोके मांडले, सहा आणि तो एक. या वेळी शेंगदाण्यांची वाटी नातीनं आधीच आत नेऊन ठेवली होती.

शनिवारी डॉक्टरीणबाईंनी एकच पान मागितलं, तो मोठा तुकडा. चहा घेता घेता त्या स्वतः मोठ्यानं वाचू लागल्या, आणि गंमत म्हणजे ऐकणाऱ्यालाही कळत होतं. रिपोर्ट नसेल तर बाजूला. उपाशी असेल तर आधी. शेवटची गाडी जवळ आली असेल तर आधी. मध्ये थांबून त्यांनी विचारलं, मौद्याचा मंगळवार कुठं गेला? काउंटरवरची बाई म्हणाली, सासू मेली. मग तासभर नवा प्रोग्राम चालवला. पुरुष आत गेले, बायका आत गेल्या. एका आजोबांपुढं ‘थांबा’ आलं, डॉक्टरीणबाईंनी काउंटरवर वाकून पाहिलं, आणि कोणालाही काही न विचारता परत केबिनमध्ये गेल्या. ‘काहून’ भरलेला होता.

पॅकेजवाल्यांना नको म्हणून कळवलं, हे त्यांनी नातीला सांगितलं. मला म्हणाल्या, ‘‘काकू, मला वाचता आलं. आता तुम्हाला बोलवायची गरज नाही.’’

नातीनं तिथूनच वडिलांना फोन लावला. रविवार नसताना.

माझं काम संपलं होतं, पण मला गुडघा दाखवायचा होता. आलेच आहे तर, म्हणून मी काउंटरवर गेले. बाईनं माझं नाव टाकलं आणि विचारलं, ‘‘मागचा रिपोर्ट?’’

रिपोर्ट घरी होता, फ्रीजवर.

पडद्यावर माझं नाव आलं, त्यापुढं ‘थांबा’, त्यापुढं ‘काहून’ आणि त्यापुढं ‘रिपोर्ट आणला नाही’. बाकावरच्या सगळ्यांनी ते वाचलं.

मी काउंटरवर वाकले आणि हळूच म्हटलं, ‘‘ते मलेवालं बटण दाब न वं.’’

‘‘काहून?’’

‘‘प्रोग्राम माझा आहे.’’

तिनं बोट कीबोर्डवर धरून ठेवलं. ‘‘मंग काहूनमध्ये काय लिहू?’’

मी विचार केला. मागं नात उभी होती, तिच्याकडे मी पाहिलं नाही. मग बाकावर जाऊन, उपाशी म्हणून आधी आत गेलेल्या एका माणसानं रिकाम्या केलेल्या जागी, बाजूला बसले.